जावक क्रमांक नसलेली माहिती

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील जुन्या शाळांत मुख्याध्यापकांच्या खोलीतील लोखंडी कपाटात जनरल रजिस्टर जपून ठेवलेले असते. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, जात, शाळेत दाखल झाल्याची आणि शाळा सोडल्याची तारीख ज्यात लिहिली जाते, ते हे कायमस्वरूपी नोंदपुस्तक. अनुसूचित जमातीच्या दाखल्याची पडताळणी होताना आजोबा-पणजोबांच्या 1950 पूर्वीच्या शाळाप्रवेशाची नोंद फार वजनदार पुरावा मानली जात असल्याने, खानदेशातील कितीतरी घरांत नातवाचा वैद्यकीय प्रवेश किंवा नोकरी त्या रजिस्टरातील एका ओळीवर अडून राहते. म्हणूनच माध्यमिक शाळा संहितेने या नोंदी बदलण्याचा अधिकार मुख्याध्यापकांच्या मर्जीवर सोडलेला नाही. त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

ही काटेकोर व्यवस्था नोंद बदलू नये म्हणून उभी राहिली. नोंद कोणी पाहावी, याचा विचार तिच्यात फारसा नव्हता. कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे असे आणि पान पाहायचे तर शाळेपर्यंत यावे लागे, त्यामुळे गोपनीयता वेगळा नियम न करताही सांभाळली जाई. 2015 मध्ये राज्याने ‘सरल’ ही विद्यार्थ्यांच्या माहितीची संगणकीय प्रणाली आणली, केंद्राच्या ‘यू-डायस प्लस’ या शालेय माहितीसंचात प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली आणि पुढे ‘अपार’ हा आयुष्यभर टिकणारा 12 अंकी शैक्षणिक ओळख क्रमांक आला. कपाटातील रकाने पडद्यावर गेले, त्यांत आधार क्रमांकाची भर पडली; किल्लीची जागा मात्र अनेक ठिकाणी अशा पासवर्डने घेतली, जो निम्म्या शिक्षकवर्गाला ठाऊक असतो.

शासनाची बाजू येथे न्यायाने मांडली पाहिजे. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर तीन दिवस झालेल्या पटपडताळणीत लक्षावधी विद्यार्थी केवळ हजेरीपटावर असल्याचे उघड झाले होते आणि त्यांच्या नावाने अनुदान उचलले जात होते, तेव्हा खरा विद्यार्थी कोणता हे तपासण्याची गरज खोटी नव्हती. साक्री-शिरपूरकडून ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना शाळा बदलताना सोबत राहील असा एक क्रमांक मिळणे, हाही खराखुरा लाभ आहे. अडचण त्यापुढे सुरू होते. शाळेत किती शिक्षकांची पदे मंजूर व्हावीत हे विद्यार्थिसंख्येवरून ठरवणारी प्रक्रिया, म्हणजे संचमान्यता, आधार वैध ठरलेल्या विद्यार्थ्यांशी जोडली गेली आणि मुलाचा क्रमांक मिळवणे हा शिक्षकाच्या स्वतःच्या पदाचा प्रश्न बनला. 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, असे स्पष्ट केले आहे. ‘अपार’साठीही पालकांची संमती ऐच्छिकच आहे. परंतु पालकसभेत गुरुजींनी पुढे केलेल्या कागदावर सही करणाऱ्या शेतमजूर आईला नकार देता येतो हे कोणी सांगितलेले नसेल आणि सांगणाऱ्याचे पदच त्या सहीवर टांगलेले असेल, तर त्या सहीला संमती म्हणणे अवघड आहे.

माहिती प्रत्यक्षात कशी फिरते, हे पाहण्यासारखे आहे. वर्गशिक्षक वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर आधार कार्डाचे फोटो मागवतात. ते गटातील सर्व पालकांच्या मोबाइलमध्ये उतरतात. त्यावरून एक्सेलची यादी होते, ती केंद्रप्रमुखांकडे आणि तेथून गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे ‘तातडीचे’ म्हणून जाते, आणि काम झाल्यावर ती कोणीही पुसत नाही. शिष्यवृत्तीच्या यादीत नावापुढे जात आणि बँक खाते असते, आणि अशी यादी सूचनाफलकावर लावण्यात कोणाला गैर वाटत नाही. दहावीचा निकाल लागताच खासगी क्लासचे फोन घरी येऊ लागतात, तेव्हा क्रमांक कोठून गेला, याचा माग काढता येत नाही.

सर्वांत नाजूक प्रश्न आश्रमशाळांचा आहे. यावल आणि धुळे येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पांच्या शाळांत शिकणारी पावरा, भिल्ल समाजांतील मुले वसतिगृहातच राहत असल्याने त्यांच्या प्रकृतीच्या नोंदीही शाळेकडेच असतात. या समाजांत सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा आकार विळ्यासारखा करणारा आनुवंशिक आजार, आढळतो आणि तपासणी करून उपचार सुरू करणे मुलांच्या हिताचेच आहे. पण एखादी मुलगी या आजाराची वाहक आहे, म्हणजे तिला स्वतःला सहसा त्रास नाही पण दोष पुढच्या पिढीत जाऊ शकतो, ही गोष्ट गावात पसरली तर तिच्या लग्नाच्या बोलणीत ती आयुष्यभर आडवी येऊ शकते. ही नोंद डॉक्टर, अधीक्षिका आणि पालक यांच्यापलीकडे जाण्याचे काहीही कारण नाही. हजेरीच्या यादीत तिला रकाना असताच कामा नये.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानून, त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई केली. नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांनी मात्र शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळांना यातून सवलत दिली. हजेरी घेण्यासाठी रोज संमती मागणे अशक्य असल्याने सवलत समजण्यासारखी आहे. तिचा परिणाम असा की खानदेशातील मुलांच्या माहितीची राखण बऱ्याच अंशी शाळेच्या स्वतःच्या शिस्तीवर येऊन ठेपते.

ती शिस्त परकी नाही. शाळेतून बाहेर जाणारे साधे पत्रसुद्धा जावक नोंदवहीत क्रमांक पडल्याशिवाय जात नाही, आणि दीडशे मुलांचे आधार क्रमांक असलेली फाइल मात्र कोणत्याही वहीत न चढता एका बोटाने बाहेर पडते. कोणती यादी, तिच्यातील कोणते रकाने, कोणाला, कोणत्या आदेशावरून दिले आणि ती कधी पुसायची, एवढे त्याच वहीत लिहायला लिपिकाला दोन मिनिटे पुरतात. त्यासाठी नवे अॅप नको, निधी नको, शासन निर्णयाची वाटही पाहायला नको. मुख्याध्यापकांनी सांगितले तर येत्या सोमवारपासून ते सुरू होऊ शकते.