स्वस्त ताटाचं गणित

माणसाला वर्षभर धडधाकट ठेवणारं जेवण कमीत कमी किती पैशांत होईल? अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९४५ मध्ये ७७ पदार्थ आणि ९ पोषक घटक घेऊन हिशेब मांडला. १९३९ च्या भावाने उत्तर आलं ३९.९३ डॉलर. ताटात कणीक, आटवलेलं दूध, कोबी, पालक, घेवडा. बस्स.

१९४७ मध्ये गणितज्ञ जॉर्ज डँटझिग यांच्या सिम्प्लेक्स पद्धतीने (दिलेल्या अटी पाळून सर्वांत स्वस्त उत्तर शोधण्याची रीत) तोच प्रश्न सुटला, तेव्हा फरक निघाला अवघ्या २४ सेंटचा. पुढे डँटझिगनी स्वतःचा आहार काढला, तर संगणकाने शेकडो गॅलन व्हिनेगर सुचवलं!

गणित चोखच होतं. चव, सणवार, पाहुणा यांची अट कुणी लिहिलीच नव्हती. उद्दिष्ट कशाला मानायचं आणि अट कशाला, हा निवाडा नीतीचा आहे. शाळेतल्या पोषण आहाराचा हिशेब करणाऱ्यांनी म्हणूनच खर्चाआधी मुलांना काय आवडतं ते विचारावं.