शुश्रूषा आणि सुरक्षितता

'शुश्रूषा' हा शब्द 'श्रु' धातूच्या इच्छार्थक रूपापासून सिद्ध झालेला आहे. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. गुरूचे ऐकू इच्छिणारा शिष्य गुरूची सेवाही करी, म्हणून शब्द श्रवणाकडून सेवेकडे सरकला आणि पुढे रुग्णसेवेच्या अर्थाने रूढ झाला. मराठीत आपण पुष्कळदा 'सुश्रूषा' असे लिहितो आणि त्या एका अक्षराच्या चुकीने शब्दाचे मूळच पुसून टाकतो. एखादे शुश्रूषागृह चांगले आहे की नाही, तेथे आपले वृद्ध सुरक्षित राहतील की नाही, हे कसे ठरवावे हा प्रश्न वरवर पाहता प्रशासनाचा वाटतो. तो नैतिक प्रश्न आहे, आणि त्याच्या उत्तराचा धागा या विसरलेल्या व्युत्पत्तीत आहे, असे मला वाटते.

आपल्याकडे या संस्थेला अजून स्थिर नावच नाही. शहरांतून 'नर्सिंग होम' अशी पाटी दिसते ती बहुधा लहान खाजगी रुग्णालयाची किंवा प्रसूतिगृहाची असते. १९४९ च्या मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायद्यानेही प्रसूतिगृहाचा समावेश त्याच नावाखाली केला आहे. 'वृद्धाश्रम' या शब्दाला एकीकडे आश्रमाचे पावित्र्य आणि दुसरीकडे टाकून दिल्याचा कलंक चिकटलेला आहे. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात वार्धक्यातील साहाय्याचा उल्लेख आहे. मातापित्यांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असे निवास उभारता येतील, असे म्हटले. त्यांची मानके राज्यांनी ठरवावीत, असेही म्हटले. 'उभारता येतील' आणि 'उभारलेच पाहिजेत' यांतील अंतर व्याकरणापुरते नसते. परिणामी परीक्षेचे काम बव्हंशी कुटुंबाकडेच येते. मुलगा किंवा मुलगी एक दिवस जाऊन पाहून येते: स्नानगृहात धरायला दांडा आहे ना, फरशी निसरडी नाही ना, रात्री परिचारिका असते ना, फाटकाला कुलूप असते ना.

या पाहणीत गैर काही नाही. परंतु ती कोणासाठी चाललेली असते, हे तपासून पाहावयास हवे. मराठीत 'काळजी' हा एकच शब्द दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. काळजी वाटते ती आपल्याला. काळजी घ्यावयाची असते ती दुसऱ्याची. पहिली ही आपल्या मनाची अस्वस्थता आणि दुसरी ही दुसऱ्याच्या जगण्याशी जोडलेली कृती. शब्द एकच असल्यामुळे पहिली शमली की दुसरी झालीच, असा आपला समज होतो. कुलूप पाहून मुलाला रात्री झोप येते. त्या कुलपामागे आईला झोप येते का, हा प्रश्न पाहणीच्या कागदावर नसतो.

ज्या देशांत अशा परीक्षेचे शास्त्र झाले आहे, तेथेही हा पेच सुटलेला नाही. अवेदिस डोनाबेदियन यांनी १९६६ साली आरोग्यसेवेचा दर्जा तीन ठिकाणी पाहता येतो अशी मांडणी केली: व्यवस्थेच्या रचनेत, प्रत्यक्ष प्रक्रियेत आणि परिणामांत. ही विभागणी अजूनही उपयोगाची आहे. मात्र रचना मोजावयास सर्वांत सोपी, म्हणून परीक्षकाची नजर तिच्यावरच खिळते. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने शुश्रूषागृहांतील वृद्धांना बांधून ठेवण्यावर निर्बंध आणले, आणि २००८ पासून तेथील शासन अशा गृहांना एक ते पाच तारे देऊ लागले. त्यांतील काही माहिती गृहांनीच स्वतःविषयी पुरविलेली असे, आणि तारे कसे मिळवता येतात हे गृहांना लवकरच उमगले. २०१४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ही गोष्ट उघड केली. ज्यांनी आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. गुणांसाठी लिहिलेले उत्तर आणि समजून लिहिलेले उत्तर पहिल्या पानावर सारखेच दिसते.

याचा अर्थ सुरक्षितता ही क्षुद्र गोष्ट आहे, असा कोणी घेऊ नये. जानेवारी २०१४ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतात लिल-व्हर्त या गावी वृद्धनिवासाला आग लागून बत्तीस माणसे गेली; इमारतीच्या नव्या भागात पाण्याचे स्वयंचलित फवारे होते, जुन्या भागात नव्हते. येथे परीक्षकाच्या कागदावरची एक खूण म्हणजे जीव होता. आपल्या देशातले उदाहरण अधिक दाहक आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका मनोरुग्ण-निवासाच्या झोपडीला आग लागली आणि अठ्ठावीस माणसे जळून मेली, कारण ती साखळ्यांनी बांधलेली होती. साखळीचे समर्थन नेहमी एकच असते: तो कुठे निघून जाऊ नये, त्याला इजा होऊ नये. सुरक्षिततेसाठी घातलेली साखळीच आगीत मृत्यूचे कारण झाली. एरवाडीत ज्वलनशील छप्पर हा दोष होता, आणि बांधलेल्या माणसाचे म्हणणे ऐकण्याची कोणाला गरज वाटत नव्हती, हाही दोष होता. हे दोन दोष मला वेगळे करता येत नाहीत.

इंग्लंडमधील समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांचा 'द लास्ट रेफ्यूज' हा ग्रंथ १९६२ साली निघाला. इंग्लंड आणि वेल्समधील १७३ निवासांना भेटी देऊन त्यांनी तो सिद्ध केला होता. त्यांनी इमारती पाहिल्या, तशीच तेथील माणसांशी बोलणीही केली. त्यांना आढळले ते असे की तेथे येणाऱ्याचे काम सुटते, एकांत जातो, नात्यागोत्याचे आणि शेजाराचे धागे तुटतात आणि हळूहळू तो 'कोणी तरी' असणेच थांबते. यासाठी कोणी क्रूर असावे लागत नाही, वेळापत्रक पुरते. सर्वांना एकाच वेळी उठविणे, एकाच वेळी जेवू घालणे हे व्यवस्थापनाच्या दृष्टीने निर्दोष असते, आणि नेमका तेथेच माणसाचा दिवस त्याच्या हातून निसटतो.

मूळचे विदर्भातील उटी गावच्या कुटुंबातले अमेरिकन शल्यविशारद अतुल गावंडे यांनी 'बीइंग मॉर्टल' (२०१४) मध्ये आपल्या आजोबांची हकीकत सांगितली आहे. शंभरी ओलांडलेले सीताराम गावंडे रात्री घोड्यावर बसून आपले शेत पाहून येत. कुटुंबाने त्यांना अडविले नाही. लहान चणीचा घोडा घेऊन दिला आणि सोबतीला माणूस दिला. कोणत्याही शुश्रूषागृहाच्या नियमावलीत हा घोडा बसणार नाही. पण येथे धोका नाकारलेला नाही की दुर्लक्षिलेलाही नाही. म्हाताऱ्याचे म्हणणे ऐकून तो लहान केलेला आहे. सुरक्षिततेची याहून नेमकी व्याख्या मला माहीत नाही.

परंतु या कथेने भारावून आपण एकत्र कुटुंबाचे गोडवे गाऊ लागलो, तर ती आत्मवंचना होईल. अशा घरांतून म्हाताऱ्यांच्या सेवेचा भार बहुधा सुनांनी वाहिला, आणि त्यांना कोणी काही विचारले नव्हते. प्रेमचंदांची 'बूढ़ी काकी' घरातच राहत होती, ज्याच्या नावे तिने मालमत्ता केली त्या पुतण्याच्याच घरात; आणि मेजवानीच्या रात्री ती उष्ट्या पत्रावळींपाशी पोचली. घराचे परीक्षण कोणी करीत नाही, म्हणून घर निर्दोष ठरत नाही.

२०२० च्या साथीने हा सारा प्रश्न उघड्यावर आणला. मार्च महिन्यात स्पेनमध्ये निर्जंतुकीकरणासाठी गेलेल्या सैनिकांना काही निवासांत वाऱ्यावर सोडलेले वृद्ध आणि अंथरुणातच मृत झालेली माणसे आढळली. अनेक देशांत शुश्रूषागृहांची दारे भेटणाऱ्यांसाठी बंद झाली. मुले काचेपलीकडून हात हलवीत राहिली. पहिल्या आठवड्यांतील ती बंदी समर्थनीय होती असे मी मानतो, कारण तेव्हा कोणालाच पुरते काही कळत नव्हते. पण महिनोन्‌महिने बंदी चालू ठेवताना, 'तुम्हाला आणखी जगणे हवे आहे की मुलीचा हात हातात हवा आहे?' असे ज्यांचे आयुष्य थोडे उरले होते त्यांना विचारण्याचीही गरज वाटू नये, हे समर्थनीय नाही. काहींनी जगणेच निवडले असते. ते त्यांचे उत्तर ठरले असते.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो सहज बाजूला सारता येण्याजोगा नाही. ज्यांची स्मृतीच विझत चालली आहे, ज्यांना आज काय हवे ते सांगता येत नाही, त्यांचे काय ऐकावयाचे? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' (२०१३) या चित्रपटात संस्कृतचे एक विद्वान प्राध्यापक स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले आहेत. मोटारीत बसवून ठेवलेले असताना ते रस्त्यावरच्या हत्तीमागे निघून जातात. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही सरळ चूक आहे, आणि मुलीची घालमेल खरी आहे. पण ज्या माहुताच्या बायकोपाशी ते पोचतात, ती कानडी बोलणारी गरीब बाई त्यांचे संस्कृत समजू शकत नाही, तरी त्यांना समजते. तिला त्यांच्या विद्वत्तेशी कर्तव्य नाही. त्यांची भूक, त्यांची भीती, त्यांचे बालपण तिला ऐकू येते. ऐकणे हे वाक्यांपुरते नसते. एखादी वृद्धा संध्याकाळी दाराशी जाऊन उभी राहते, तेव्हा ती 'पळून जाते' असे नोंदवता येते, किंवा तिची घरी जाण्याची वेळ झाली आहे असे समजून तिच्यासोबत अंगणात एक फेरी मारता येते. दार दोन्ही वेळा सुरक्षितच राहते.

म्हणून शुश्रूषागृह पाहावयास जाणाऱ्याने दांडे आणि फवारे जरूर पाहावेत. अग्निशमनाची व्यवस्था कागदावर न पाहता प्रत्यक्ष पाहावी. शक्य झाल्यास न कळवता, संध्याकाळी जावे. चहाची वेळ कोण ठरविते, आणि एखाद्याला तो उशिरा हवा असेल तर काय होते, हे विचारावे. आया वृद्धांशी बोलताना खाली बसते की उभ्यानेच निघून जाते, हे पाहावे; आणि ती किती तासांच्या पाळीवर आहे, तिच्यावर किती माणसांचा भार आहे, हेही विचारावे, कारण जिचे कोणी ऐकत नाही तिने दुसऱ्याचे ऐकावे ही अपेक्षा फार काळ टिकत नाही. केरळमधून कितीतरी परिचारिका परदेशांत वृद्धांच्या सेवेसाठी जातात, आणि मागे त्यांचे आईवडील इतरांच्या देखरेखीखाली राहतात. त्या देखरेख करणाऱ्या बाईचे म्हातारे कोठे आहेत, हा रकाना मी अद्याप कोणत्याही तपासणीपत्रकात पाहिलेला नाही.