दैव, उद्योग आणि उघडे दार

मुलांच्या हाती द्यावयाच्या गोष्टींचा एक साचा सर्वांच्या परिचयाचा आहे. अनाथ, फाटक्या कपड्यांतला एक मुलगा. तो प्रामाणिकपणा सोडीत नाही, कष्टांना कंटाळत नाही, आणि अखेरीस त्याचे भाग्य उजळते. अमेरिकेत या साच्याशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले तो लेखक म्हणजे होरेशिओ अल्जर. १८३२ साली जन्मलेला हा हार्वर्डचा पदवीधर १८९९ साली वारला, तोवर त्याची शंभराच्या आसपास पुस्तके झाली होती. त्यांतले सर्वांत गाजलेले ‘रॅग्ड डिक’ हे १८६७ साली एका बालमासिकात क्रमशः आणि १८६८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. आज अल्जर फारसा कोणी वाचीत नाही. परंतु ‘कष्ट कर, म्हणजे वर येशील’ हे त्याच्या नावावर चालणारे सूत्र अजून आपणही मुलांना ऐकवीत असतो. ते कितपत खरे, हा साहित्याचा नव्हे, नीतीचा प्रश्न आहे.

लोक दस्तऐवजाविषयी काय म्हणतात त्यापेक्षा दस्तऐवजात काय लिहिले आहे ते पाहावे, ही वकिली सवय येथे उपयोगी पडते. डिक हा न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर बुटांना पॉलिश करणारा चौदा वर्षांचा मुलगा. रात्री खोक्यात निजावे आणि मिळकत नाटकांत व विड्यांत उडवावी, असा त्याचा क्रम. एका सद्‌गृहस्थाकडून त्याला नवे कपडे मिळतात आणि त्याच्या मनात सुधारणेची इच्छा जागी होते. तो खोली भाड्याने घेतो, पेढीत पैसे साठवतो, आणि फॉस्डिक नावाच्या मित्राला खोलीत आसरा देऊन त्याच्याकडून रात्री लिहावाचावयास शिकतो. हा सर्व त्याचा स्वतःचा पुरुषार्थ, आणि तो खरोखर वाखाणण्याजोगा आहे.

पण हा पुरुषार्थ त्याला उंबरठ्यापर्यंतच आणून सोडतो. पुढे काय घडते? एके दिवशी नावेतून जाताना एक लहान मूल पाण्यात पडते. बापाने पुकारलेले बक्षीस कानी पडण्यापूर्वीच डिक उडी घेऊन त्याला वाचवितो. बाप निघतो व्यापारी, आणि तो डिकला आठवड्याला दहा डॉलरांची कारकुनी देतो. फॉस्डिकलाही नोकरी लाभते ती एका भल्या माणसाच्या शिफारशीने. आता विचारावेसे वाटते की, त्या दिवशी ते मूल पाण्यात पडलेच नसते तर? डिकच्या गुणांत तिळमात्र उणेपण आले नसते. परंतु तो बुटांना पॉलिशच करीत राहिला असता.

यावरून दोन चुकीचे निष्कर्ष निघतात. एक असा की, जो दरिद्री राहिला तो आळशीच असला पाहिजे. दुसरा असा की, सर्व दैवाधीन असल्याने धडपड व्यर्थ. आपल्या गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत. त्यांत कर्ता आहे, साधने आहेत, नाना प्रयत्न आहेत, आणि दैव पाचवे आहे. ते वगळलेले नाही आणि एकटेही नाही. हा तोल अल्जरच्या गोष्टीतही आहे. तिचे सूत्र बनविणाऱ्यांनी तो घालविला.

परंतु या गोष्टीत दैव म्हणून जे येते ते बहुधा एक माणूसच असते, हे ध्यानात घ्यावयास हवे. दार उघडणारा तो धनिक. आणि येथे लेखकाच्या चरित्रातील एक कटू सत्य टाळता येत नाही. अल्जर प्रथम धर्मोपदेशक होता. आपल्या मंडळीतील मुलांशी दुर्वर्तन केल्याचा आरोप आल्यावर, तो न नाकारता, त्याने १८६६ साली ते गाव सोडले. त्यानंतर त्याने निराधार मुलांच्या कथा लिहिल्या, आणि त्यांत थोर उपकारकर्ते रंगविले. म्हणून पुस्तके जाळावीत असे मी म्हणत नाही. पण निराधार मुलाचे सारे भवितव्य एका व्यक्तीच्या मर्जीवर सोडणे किती धोक्याचे, याचा याहून बोलका पुरावा कोठे मिळेल? कृपेला नियमाचे बंधन हवे ते यासाठीच.

या दृष्टीने बडोद्याचे उदाहरण मला अल्जरच्या कोणत्याही गोष्टीपेक्षा मोठे वाटते. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातला एक मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन गादीवर बसला, तो केवळ दैवयोगाने. सयाजीरावांनी ते दैव स्वतःपुरते ठेवले नाही. १८९३ साली अमरेली भागात, आणि १९०६ साली सर्व संस्थानात, त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. १९१३ साली त्यांच्याच शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर डिकच्या न्यूयॉर्कला शिकावयास गेले. मात्र १९१७ साली नोकरीसाठी बडोद्यास आल्यावर त्यांना त्या शहरात राहावयास जागा मिळेना. राजाने उघडलेले दार समाज असे पुन्हा लोटून घेऊ शकतो. पुढे २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. कृपेचा हक्क झाला तो असा, पायरीपायरीने.

आपली देवस्थानेही विद्यार्थ्यांना साहाय्य देतात. ते देताना मुलाला व्यासपीठावर उभे करून त्याच्या दारिद्र्याचे वर्णन करावे काय? त्याने प्रत्येक विश्वस्ताच्या घरी हेलपाटे घालावेत काय? आधी जाहीर केलेले नियम, सर्वांना सारखी कसोटी, आणि घेणाऱ्याची मान खाली न घालणारे देणे, एवढे आपल्या हाती निश्चित आहे. मुलांना उद्योगाची गोष्ट अवश्य सांगावी. पण ती सांगून झाल्यावर, दाराची कडी आतून आपणच तर लावलेली नाही ना, हे एकदा उठून पाहावे.