रिकामा शंख

आमच्या धाराशिवकडच्या माणसाला पाण्याचे भारी अप्रूप. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तो उन्हाळा ज्याने पाहिला आहे, त्याला नजर पोचेल तिथवर पसरलेले पाणी, मग ते खारट का असेना, पाहून भरून येते. मागल्या हिवाळ्यात मालवणला गेलो तेव्हा माझेही तसेच झाले.

होडीने सिंधुदुर्गावर उतरलो. कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी १६६४ साली बांधावयास घेतलेला हा किल्ला. चहूकडे खारा समुद्र आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! तटाबाहेर एक इवलीशी पुळण आहे, तिला राणीची वेळा म्हणतात. तेथे वाळूत एक रिकामा शंख दिसला. आईने उभ्या जन्मात समुद्र पाहिलेला नाही. निदान तिच्या कानाला तो लावावा, म्हणून मी शंख उचलला.

नावाड्याने हटकले. हा परिसर १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालेला. येथले काही न्यायचे नाही, असे त्याने बजावले. मी हसून म्हणालो, "एका शंखाने काय समुद्र ओस पडतो?" येडशीच्या रामलिंगला सहल नेली की मुलांना झाडाचे पानही तोडू न देणारा मी, पण शंख खिशात गेला.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी फडताळात मुंग्यांची रांग लागली. शंखातून एक खेकडा अर्धा बाहेर येऊन मरून पडला होता. या जातीच्या खेकड्याचे पोट मऊ असते, त्यावर कवच नसते. दुसऱ्याने सोडलेल्या शंखात तो बिऱ्हाड करतो आणि अंगाने वाढला की मोठा शंख शोधतो. म्हणजे शंख खरोखरच रिकामा असता, तरी ते कोणाचे तरी उद्याचे घर होते.

आई एवढेच म्हणाली, "आरं, कुणाचं घर उचलून आणलंस?"

मला ठाऊक नव्हते, हे खरे. पण तेवढ्याने माणूस निर्दोष ठरतो काय? वर्गात "माहीत नव्हतं, गुरुजी" म्हणणाऱ्या मुलाला मी विचारतो, "सांगितलं होतं ना?" मलाही सांगितले होते.

दुष्काळात टँकरपाशी जादा घागर भरताना "एका घागरीनं काय होतं?" असे म्हणण्याची आमच्याकडे कोणाची छाती होत नाही. कारण मागे उभी असलेली बाई दिसत असते. त्या वाळूवरही माझ्यामागे रांग होतीच. मला ती दिसली नाही, इतकेच. मला वाटते, डोळ्यांसमोरच्या माणसाशी नीट वागणे ही नीतीची पहिली इयत्ता. न दिसणाऱ्याचा वाटा राखून ठेवणे ही पुढची, आणि तिच्यात मी नापास झालो.

या दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा मालवणला जाणार आहे, आईला घेऊन. शंख तिच्याच हाताने वाळूत ठेवायचा आहे.