विसाव्याची आज्ञा

(चिंतनासाठी : मार्क ६:३०-४६)



प्रेषित गावोगाव सेवाकार्य करून परत आले होते. काय केले, काय शिकवले, हे सारे त्यांनी प्रभूला सांगितले. आता प्रभू त्यांना पुढचे गाव नेमून देईल असे आपल्याला वाटते. पण लोकांची ये-जा एवढी चालली होती की त्यांना जेवायलाही सवड मिळत नव्हती. प्रभूने ते पाहिले आणि त्यांना एकांतात जाऊन थोडा विसावा घेण्यास सांगितले. आपले शिष्य जेवले की नाही, याकडे प्रभूचे लक्ष होते.

जेवायला सवड नसणे ही आपल्या अणदूर परिसरातही नवी गोष्ट नाही. दिवसभर शाळेत शिकवून रात्री मोबाइलवर माहिती भरणारे शिक्षक, पाळीमागून पाळी करणारी परिचारिका, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर डोळ्यांतली झोप आवरत गाडी चालवणारा चालक, दुसऱ्याच्या रानात खुरपण करून आल्यावर पुन्हा स्वयंपाकाला लागणारी आई. यांना 'स्वतःची काळजी घ्या' असे म्हटले, तर ते हसतात. "फादर, थांबलो तर पोट कसं भरायचं?" असा त्यांचा सरळ प्रश्न असतो. प्रश्न खोटा नाही. म्हणून त्याचे उत्तर थोडे मागे जाऊन शोधू या.

आज आपण ज्या रविवारी मिस्साला आलो आहोत, तो सुटीचा वार मुंबईच्या गिरणी कामगारांना कोणी आपणहून दिला नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. १८८४ साली त्यांनी कामगारांना संघटित केले. त्यांच्या मागण्या आज वाचल्या की मन भरून येते : आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच आणि पगार वेळेवर. दुपारी भाकरी खाण्यापुरता अर्धा तासही मागून घ्यावा लागत होता! हा झगडा सहा वर्षे चालला. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार आहे, असेही लोखंडे यांनी मांडले होते असे सांगतात. खंडोबाच्या अणदुरात राहणाऱ्या आपल्याला ते चटकन समजेल. आपल्या शेजाऱ्यांचा देवाचा वार आणि आपला प्रभूचा दिवस, दोन्ही त्या कष्टकऱ्यांच्या विसाव्यासाठी उपयोगी पडले.

यानंतर वर्षभरातच, १५ मे १८९१ रोजी, पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्र काढले. कामगाराला न्याय्य वेतन मिळावे, त्याच्या ताकदीबाहेरचे काम त्याच्याकडून घेऊ नये आणि त्याला प्रभूच्या दिवशी विश्रांती मिळावी, असे त्यांनी जगाला बजावले. २०२५ साली निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ चौदावे हे नाव घेतले, ते याच परिपत्राची आठवण ठेवून. म्हणजे विसावा ही श्रीमंतांची चैन आहे, असे ख्रिस्तसभेने कधी मानले नाही. कष्टकऱ्याचा तो हक्क आहे.

हक्काच्याही आधी ती देवाची आज्ञा आहे. अनुवादाच्या पुस्तकात शब्बाथाची आज्ञा देताना देव फक्त घरधन्याला विसावा घ्यायला सांगत नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि दारी आलेला परका, सर्वांची नावे तो घेतो. आणि कारणही सांगतो : तुम्ही स्वतः मिसर देशात गुलाम होता, हे विसरू नका. सुटी नसलेला माणूस गुलाम असतो. म्हणून ज्याला विसावा घ्यायचा आहे, त्याने आपल्या घरातल्या आणि हाताखालच्या प्रत्येकाला तो दिला पाहिजे.

बैलाचे सांगायला नको. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले बैलाचे खांदे शेतकरी प्रेमाने चोळतो आणि पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. किती सुंदर रीत आहे ही! पण बंधूंनो, त्याच दिवशी घरात पुरणपोळ्या लाटणाऱ्या बाईचे खांदे कोणी पाहिले का? तिचा पोळा कधी असतो? २०१९ साली केंद्र सरकारने देशातल्या लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास, बिनपगारी घरकामात जातात असे आढळले. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची मिनिटे होती ९७. घरात सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले खाणारीही तीच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. अशा बाईला 'ताण घेऊ नकोस' असे सांगून काय होणार? तिच्या हातातले काम कोणीतरी घेतले, तरच तिला विसावा मिळेल.

आता काही भाविक विचारतील, शरीराचे एवढे कौतुक कशाला, आत्मा महत्त्वाचा नाही का? आपण एलिया संदेष्ट्याकडे पाहू. तो इतका थकला होता की झुडपाखाली बसून त्याने देवाकडे मरण मागितले. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. मगच तो देवाच्या डोंगराकडे चालू लागला. संत थॉमस अक्वायनस हे तर ख्रिस्तसभेचे थोर तत्त्वज्ञ. दुःखावर उपाय सांगताना त्यांनी सत्याचे चिंतन आणि मित्रांची सहानुभूती यांबरोबर झोप आणि स्नान यांचीही नावे घेतली. शरीर आणि आत्मा मिळून माणूस बनतो, म्हणून शरीराला मिळालेला आराम आत्म्यापर्यंत पोहोचतो, असा त्यांचा विचार आहे. आणि वादळात होडीत उशाला घेऊन झोपलेला आपला प्रभू आठवा. जग आपल्यावाचून क्षणभरही चालणार नाही असे ज्याला वाटते, त्याला झोप येत नाही. झोप हीसुद्धा विश्वासाची खूण आहे.

म्हणून या आठवड्यात काही साध्या सवयी लावून घेऊ या.

एक, झोपेची वेळ ठरवावी. रात्री मोबाइल उशाशी नको, दुसऱ्या खोलीत किंवा कपाटावर ठेवावा. ज्यांना रात्रपाळी आहे, त्यांच्या दिवसाच्या झोपेच्या वेळी घरच्यांनी आवाज कमी ठेवावा.

दोन, दिवसातले एक जेवण सर्वांनी एकत्र बसून करावे. वाढणारीही पंगतीतच बसेल. भांडी मधे ठेवली की ज्याचे त्याला वाढून घेता येते.

तीन, घरातले एक काम पुरुषांनी आणि मुलग्यांनी कायमचे आपल्याकडे घ्यावे. 'मदत' म्हणून नव्हे, स्वतःचे काम म्हणून. पाणी भरणे असो, भांडी असोत की लहानग्यांची अंघोळ.

चार, दुखणे अंगावर काढू नये. आपल्या अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या साध्या महिलांना शिकवून 'भारतवैद्य' तयार केल्या. आरोग्याची सुरुवात आपल्याच दारात होते, हे त्यांनी दाखवून दिले. रक्तदाब, साखर आणि रक्ताचे प्रमाण वेळच्या वेळी तपासून घ्यावे.

पाच, रविवार राखावा. ज्यांना त्या दिवशी कामावर जावेच लागते, त्यांनी आठवड्यातली दुसरी एक संध्याकाळ देवासाठी आणि घरासाठी ठेवावी. आणि ज्यांच्याकडे मजूर किंवा मोलकरीण आहे, त्यांनी तिला भरपगारी सुटी द्यावी. आपण मिस्सात बसलेले असताना आपल्या घरी कोणाची सुटी बुडत असेल, तर आपली प्रार्थना अपुरी राहील.

शेवटी शुभवर्तमानाकडे परत जाऊ. प्रभू आणि शिष्य एकांत स्थळी पोहोचले, तर लोक त्यांच्या आधीच तिथे हजर! प्रभूला त्यांचा कळवळा आला. त्याने त्यांना शिकवले, जेवू घातले. विसावा हुकला. कामाचा दिवस आपल्या हातात नसतो, हे प्रभूलाही ठाऊक होते. पण पुढचे वाचा : लोक जेवल्यावर त्याने शिष्यांना होडीतून पुढे पाठवले, लोकांना निरोप दिला आणि तो एकटा डोंगरावर प्रार्थनेला गेला. हुकलेला विसावा त्याने संध्याकाळी घेतलाच. सुगीच्या दिवसांत, परीक्षेच्या दिवसांत, घरात आजारी माणूस असताना आपलाही विसावा हुकेल. तो सोडून देऊ नये, पुढे ढकलावा आणि नक्की घ्यावा.

हे प्रभो, आमच्या थकलेल्या हातांना विसावा दे. आमच्यासाठी राबणाऱ्यांचा थकवा पाहण्याची दृष्टी आम्हाला दे. आमच्या घरात कोणीही उपाशी, जागे आणि एकटे राहू नये, एवढी कृपा कर. आमेन.