सोफ्यावरून पाहिलेली मतमोजणी

चवथीला गोव्यात साखळीला आलेला भाचा इंग्लंडात स्विंडनला राहतो. पासपोर्ट पोर्तुगीज. ब्रिटिश नागरिकत्वासाठी आता त्याला अर्ज करता येतो, पण महिनोन् महिने त्याचं ठरत नाही. मामा निवृत्त शिक्षक. बाजारात भाजी-पाव खाऊन दोघे घरी आले आणि ओसरीवर बोलत बसले.

भाचा : मामा, 10 मार्च 2022 ची रात्र मी विसरणार नाही. इथे सकाळी आठला विधानसभेची मोजणी सुरू झाली, तेव्हा आमच्याकडे पहाटेचे अडीच. आईने दिलेली शेव, वर क्रिस्प्सचं पाकीट, फोन टीव्हीला जोडलेला. आपल्या साखळीत मुख्यमंत्री सावंत आधी मागे, मग पुढे, शेवटी 666 मतांनी आले. कुठल्याही मालिकेत इतकं रंगलो नव्हतो.

मामा : त्या निकालात तुझं मत नव्हतं.

भाचा : नव्हतं. पण जीव तर अडकला होता!

मामा : जीव अडकला होता की रात्र छान गेली? रागावू नकोस, मला खरंच जाणून घ्यायचं आहे. ती मोजणी साखळीतलं माणूस बघतं, तेव्हा पुढची पाच वर्षं त्याच निकालाखाली त्याला राहायचं असतं. तू टीव्ही बंद करून कामावर गेलास.

भाचा : मग जिथे राहायचं असतं तिथली गोष्ट ऐका. 23 जून 2016. युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, यावर ब्रिटनने कौल घेतला. मी तिथे राबत होतो, कर भरत होतो, तरी मत नाही, कारण मी पोर्तुगीज, म्हणजे युरोपीय. आमच्याच घरात खोली घेऊन राहणारा पुण्याचा विद्यार्थी मात्र जाऊन मत देऊन आला! भारत राष्ट्रकुलात आहे, म्हणून तिथे राहणाऱ्या भारतीयाला संसदेच्या निवडणुकीतही मत असतं. ज्या पासपोर्टाने मला काम दिलं, त्यानेच मत नेलं. बाहेर पडावं असं म्हणणारे 51.9 टक्के निघाले, स्विंडनही त्यांच्यातच. माझ्या भवितव्याचा निकाल मी सोफ्यावर बसून बघितला.

मामा : आणि आता?

भाचा : नगरपालिकेला मत आहे, संसदेला नाही. घरी टीव्ही बघायचा तर परवान्याचे वर्षाला दीडशेच्या वर पौंड भरतो. 2024 च्या जुलैत रात्री दहाला मतदान संपलं, त्याच क्षणी पडद्यावर अंदाजाचे आकडे. मुलं खिडकीशी बसून क्रिस्प्स खात होती. धाकटीने विचारलं, बाबा, तुम्ही कुणाला दिलंत?

मामा : मग अर्ज कर की. अडलंय कुठे?

भाचा : शपथेवर. राजाशी आणि त्याच्या वारसांशी एकनिष्ठ राहीन, असं उभं राहून म्हणायचं. पोर्तुगीज कागद काढताना मी कुणाला शब्द दिला नव्हता. आजोबा गोवा मुक्तीच्या, म्हणजे 19 डिसेंबर 1961 च्या, आधी जन्मलेले, म्हणून पोर्तुगालने मला आपला मानलं. 2012 ला खाणी बंद झाल्या, बाबांचा ट्रक दारात उभा राहिला, तेव्हा पोटासाठी तो कागद काढला. भारताच्या कायद्याने त्याच दिवशी माझं इथलं नागरिकत्व संपलं. एकदा भुकेपोटी गेलो, ते माफ होईल. दुसऱ्यांदा तोंडाने शब्द द्यायचा, आणि मनात वाळवंटी नदी, विठ्ठलापूरची त्रिपुरारी पौर्णिमा! ही फसवणूक नाही का?

मामा : तुझ्या आजीचं सांगतो. 16 जानेवारी 1967 ला गोव्यात जनमत कौल झाला. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन होणं, दोन पानं म्हणजे वेगळं राहणं. आजीने फुलावर मत दिलं. फूल 34,021 मतांनी हरलं. घरात आठ दिवस कुणी धड जेवलं नाही. पण नंतर हाच वेगळा गोवा तिने आपला मानला, कारण त्या निर्णयात तिचा वाटा होता, हरणाऱ्या बाजूचा का होईना. ज्याने मत दिलं तो हरला तरी निकाल त्याचा असतो. नुसतं बघणाऱ्याला हरताही येत नाही. तू 2016 ला हरलाससुद्धा नाहीस, बाबा. तुला बाजूला ठेवलं.

भाचा : (बऱ्याच वेळाने) आणि शब्दाचं काय?

मामा : तुझी मुलं ज्या शाळेत जातात तिचा पैसा ती संसद ठरवते. आजारी पडलास तर ज्या दवाखान्याच्या रांगेत उभा राहशील, त्याचाही. त्या लोकांचं भलं व्हावं म्हणून विचार करून मत देणं, कायदा पाळणं, यापलीकडे कुठलं राज्य प्रजेकडून निष्ठा मागू शकतं? मनातली नदी काढून द्या, असं कुणी म्हणत नाही.

भाचा : मग साखळीबद्दल बोलायचा माझा हक्क गेला?

मामा : बोल, हवं तितकं बोल. पण ज्याला निकाल भोगायचा नाही त्याने हट्ट धरू नये.

भाचा : तुम्ही भोगता म्हणता. पण मामा, तुम्ही तरी वेगळं काय करता? पूर्वी जत्रेचं नाटक गावातली पोरं करायची, तुम्ही पहाटेपर्यंत प्रॉम्प्टिंग करायचात. आता संध्याकाळी चकलीची ताटली घेऊन वाहिन्यांवरची भांडणं बघता. शेवटच्या ग्रामसभेला गेला होतात?

मामा गप्प राहिले, आणि ते गप्प राहणं मला योग्य वाटलं. भाच्याचा हा प्रश्न दोघांच्या आधीच्या सगळ्या बोलण्याहून मोठा आहे. माणूस प्रेक्षक होतो तो समुद्र ओलांडल्यामुळे नव्हे. साखळीत राहून, मतदारयादीत नाव असूनही तो प्रेक्षक होऊ शकतो, आणि त्याला तर पासपोर्टाची सबबही नसते. अर्जाबाबत मात्र मी मामांच्या बाजूचा आहे. जिथे मुलं वाढतात आणि जिथला कायदा आपल्याला लागू होतो, तिथे मत मिळवण्यासाठी प्रामाणिकपणे शपथ घेण्यात कसलीही प्रतारणा नाही. भाच्याने अर्ज करावा.

ज्यांची मुलं परदेशी आहेत पण अजून भारतीय पासपोर्टावर, त्यांना एक सांगणं. 2010 च्या कायदादुरुस्तीनंतर अशा नागरिकाचं नाव गावच्या मतदारयादीत घालता येतं. अर्ज 6अ क्रमांकाचा. फक्त मतदानाच्या दिवशी त्याने स्वतः पासपोर्ट घेऊन केंद्रावर यायला हवं. गोव्याच्या सध्याच्या विधानसभेची मुदत मार्च 2027 पर्यंत आहे. नावं घाला, आणि मुलांना मतदानासाठी बोलवा.