प्रार्थना पुरेशी झाली का?



काही भाविकांच्या अंतःकरणाला एक दुखणे जडलेले असते. बाहेरून ते दिसत नाही. उलट अशी व्यक्ती धर्मनिष्ठ म्हणूनच ओळखली जाते. रोजरी संपते न संपते तोच मनात येते, तिसऱ्या रहस्याच्या वेळी आपले लक्ष कुठे होते? पापनिवेदन करून पापक्षमा मिळते, आणि चर्चच्या पायऱ्या उतरण्याआधीच शंका उभी राहते, ते एक पाप नीट सांगितले का? लॅटिनमध्ये या दुखण्याचे नाव ज्या शब्दावरून आले त्याचा अर्थ 'अणकुचीदार खडा' असा आहे. चपलेत शिरलेला खडा केवढासा असतो, पण सुखाने चालू देत नाही.

नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर गेलेल्यांना हा खडा अधिक टोचतो, असे मला वाटते. लखनौचेच उदाहरण घ्या. हजरतगंजमध्ये संत योसेफाचे कॅथेड्रल आहे. नाताळात तेथे इतर धर्मांच्या बंधुभगिनींचीही रीघ लागते. लखनौचा धर्मप्रांत १९४० साली स्थापन झाला. परंतु तेथील उपासना हिंदीत आणि इंग्रजीत. वसईच्या गावात संध्याकाळी घरोघरी रोजरी चालत असे. आपले लक्ष उडाले तरी आजीचा आवाज प्रार्थना पुढे नेत असे. कुणा एकाच्या खांद्यावर ती नव्हती. लखनौच्या भाड्याच्या खोलीत तीच प्रार्थना एकट्याच्या खांद्यावर येते आणि एकटा माणूस मोजू लागतो. मराठीत टोचलेले पाप हिंदीत सांगताना त्याचे वजन कमी तर झाले नाही ना, ही शंका तर अगदी परमुलखातली!

अशा वेळी सल्ला मिळतो, "प्रार्थना वाढवा." सल्ला सद्हेतूने दिलेला असतो, परंतु या दुखण्यावर तो उलटतो. संत इग्नाशियस लोयोला यांच्या जीवनात हे स्पष्ट दिसते. १५२२ साली मोंसेरात येथे त्यांनी आपल्या संपूर्ण आयुष्याचे पापनिवेदन लिहून काढून केले. त्याला तीन दिवस लागले. तरी मानरेसा येथे मनाला शांती नाही. दररोज सात तास प्रार्थना चाले, आणि शंका वाढतच होत्या. खोलीतील मोठ्या भगदाडातून स्वतःला झोकून द्यावे, असा मोहही त्यांना होई. त्यांच्या धर्मगुरूंनी सांगितले की, अगदी स्पष्ट असेल तेवढेच जुने पाप पुन्हा सांगा. पण इग्नाशियसना तर सर्वच स्पष्ट वाटे! मग त्यांनी आठवडाभर अन्नपाणी वर्ज्य केले. धर्मगुरूंच्या आज्ञेने ते सोडले. शेवटी, जुनी पापे पुन्हा उकरायची नाहीत असा निश्चय त्यांनी केला, आणि तो खडा निघाला. सात तास प्रार्थनेने जे झाले नाही, ते एका ठिकाणी थांबण्याने झाले.

म्हणून दैनंदिन भक्तीची सवय लावताना तिचा शेवट आधी ठरवावा, असे मी सुचवीन. सवय म्हणजे वेळ आणि मर्यादा. लखनौत पाच वेळा अजान होते. मुअज्जिन ती देऊन खाली उतरतो, चांगली झाली नाही म्हणून पुन्हा देत नाही. आपल्या देवदूताच्या प्रार्थनेच्याही तीन वेळा ठरलेल्या आहेत : सकाळ, दुपार, संध्याकाळ. ती म्हणायला दोन-तीन मिनिटे लागतात. मन अस्वस्थ असणाऱ्याने पाच रहस्यांऐवजी रोज एकच रहस्य म्हणावे, आणि लक्ष कितीही भरकटले तरी तो दशक पुन्हा म्हणू नये. रात्री आत्मपरीक्षण पाच मिनिटे. इग्नाशियस यांनी त्याची सुरुवात पापांच्या मोजणीने नव्हे, मिळालेल्या कृपेबद्दल आभाराने केली आहे, हे आपण विसरतो. पापनिवेदन ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या एकाच धर्मगुरूंकडे करावे. प्रामाणिक पापनिवेदनात विसरलेल्या पापांचीही क्षमा होते, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. भाषा अडखळली तरी क्षमा अडखळत नाही.

यावर कुणी म्हणेल, ही तर यांत्रिक भक्ती झाली. मनी नाही भाव, देवा मला पाव. ही म्हण ढोंगी माणसासाठी आहे. ज्याचा भाव भीतीने गोठला आहे, त्याला ती ऐकवणे क्रूरपणाचे ठरते. भाव आपल्या हुकमतीत नसतो. ठरलेल्या वेळी गुडघे टेकणे असते.

सवयीने प्रत्येक शंका नाहीशी होईल, असे आश्वासन मात्र मी देणार नाही. आपल्याच मराठी माणसाकडे पाहा. झाशीजवळ १८२५ साली जन्मलेले आणि काशीत वाढलेले नीलकंठशास्त्री गोरे यांचा १८४८ साली जौनपूर येथे बाप्तिस्मा झाला. पुढे ते रेव्हरंड नेहेम्या गोरे म्हणून प्रसिद्ध झाले. ते अँग्लिकन पंथाचे. १८७० साली धर्मगुरू झाले आणि काउली बंधूंच्या प्रार्थनामय शिस्तीत राहिले. तरी संशयांनी त्यांची पाठ जन्मभर सोडली नाही. याच गोऱ्यांच्या मराठी लेखनाचा पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेवर खोल प्रभाव पडला. १८९५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हाही ते सेवेतच होते.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगावीशी वाटते. तेच पाप दिवसभर मनात घोळत असेल, झोप उडाली असेल, जगणे नको वाटत असेल, तर धर्मगुरूंबरोबर डॉक्टरांनाही भेटावे. लखनौत किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात मानसोपचार विभाग आहे. तेथे जाण्याने श्रद्धेत काही उणे पडत नाही. इग्नाशियसना असा वैद्य मिळाला नव्हता.

राहता राहिला चुकलेल्या दिवसाचा प्रश्न. गाडीला उशीर झाला, घरी पाहुणे आले, ज्वर आला आणि रोजरी राहिली. रविवारचे मिस्साबलिदान ख्रिस्तसभेने बंधनकारक केले आहे, रोजरी नाही. ती राहिल्याने पाप घडत नाही, म्हणून ते पापनिवेदनात सांगायचे कारण नाही. दुसऱ्या दिवशी दोन रोजऱ्या म्हणून हिशेब फेडायचाही नाही. दुसऱ्या दिवशी, ठरलेल्या वेळी, एकच रहस्य.